मधल्या जागेचा धडा

चुंबकाचा पाठ सुरू करताना पहिल्या दिवशी मी ‘ध्रुव’ हा शब्द तोंडातून काढत नाही. ‘चुंबकीय क्षेत्र’ तर नाहीच नाही. मुलांच्या हातात दोन-दोन पट्टीचुंबक देते आणि सांगते, एकमेकांना टेकू न देता यांच्याशी काय काय करता येतं ते बघा. ही ‘टेकू न देता’ची अट महत्त्वाची. ती घातली नाही तर वर्गभर नुसता खटाखट आवाज होतो. चुंबक चिकटतात, ओढून सोडवले जातात, परत चिकटतात आणि मुलांचं सगळं लक्ष त्या चिकटण्यावर जाऊन बसतं. मला ते चिकटण्याच्या आधीच्या बोटभर अंतरावर हवं असतं.

अट पाळायची म्हटली की हात हळू चालायला लागतात. किती जवळ नेलं की चुंबक हातातून निसटू बघतो, हे बोटांना कळू लागतं. आणि दोन सारखी टोकं समोरासमोर आली की वर्गाचा आवाजच बदलतो. मुलं जोर लावून ती जवळ आणू पाहतात, पण चुंबक सरळ मागे हटत नाही. बाजूला घसरतो, गिरकी घेतो आणि दुसऱ्या टोकाने जाऊन चिकटतो. मध्ये तर काहीच नाही. कागद सरकवला तरी फरक पडत नाही, बोट घातलं तरी नाही. एखादं मूल त्या फटीत फुंकर मारून बघतं. मला ते फार आवडतं, कारण त्याने अगदी योग्य जागी संशय घेतलेला असतो.

पुस्तकांतली मांडणी बहुतेक वेळा याच्या उलट असते. चुंबक म्हणजे लोखंड ओढणारी वस्तू, इथून सुरुवात. मग चिकटणाऱ्या आणि न चिकटणाऱ्या वस्तूंची यादी, लोह, निकेल, कोबाल्ट ही तीन नावं, दोन ध्रुव, सजातीय-विजातीयचा नियम (सारखी टोकं एकमेकांना ढकलतात, वेगळी ओढतात) आणि सर्वांत शेवटी, तास संपता संपता, क्षेत्राची व्याख्या: चुंबकाभोवतीच्या ज्या भागात त्याच्या बलाचा परिणाम जाणवतो तो भाग. या व्याख्येत चूक काढता येणार नाही. पण ती पाठ करताना मुलांच्या डोळ्यांसमोर चुंबकाभोवती आखलेलं एक रिंगण उभं राहतं; रिंगणाच्या आत बल, बाहेर काही नाही. म्हणूनच ‘बाई, ते किती सेंटिमीटरपर्यंत असतं?’ हा प्रश्न ठरलेला. खरं तर त्याला हद्द नसते. ते विरळ होत जातं, संपत कुठेच नाही. एका ठिकाणानंतर आपल्या होकायंत्राच्या सूचीला ते ओळखता येत नाही, एवढंच.

माझं मत असं झालं आहे की चुंबकत्वातलं शिकवण्यासारखं जे काही आहे ते या मधल्या जागेत आहे. टोकं, रंग, नियम हे सगळं त्यामागून आपोआप येतं. उलट टोकांपासून सुरुवात केली, तर मधली जागा रिकामीच राहते आणि पुढे विद्युतचुंबकत्व आलं की मुलं अंगठ्याचे नियम पाठ करत बसतात.

तरीही क्षेत्राकडे जाण्याआधी एक गोष्ट हातांनी पक्की करून घ्यावी लागते, ती म्हणजे ओढलं जाणं हा चुंबक असल्याचा पुरावा नव्हे. त्यासाठी एक जुनं कोडं आहे. दिसायला सारख्या दोन सळ्या. एक चुंबक, दुसरी साधी लोखंडाची. जवळ टाचणी नाही, दोरा नाही, दुसरं काहीही नाही. ओळखा. टोकाला टोक लावलं तर दोन्ही चिकटतात आणि काही कळत नाही. मुलं बराच वेळ सळ्या उलटसुलट करतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की एकीचं टोक दुसरीच्या बरोबर मध्यावर लावून बघावं. टोक चुंबकाचं असेल तर साधी सळी मध्यावरही ओढली जाते. पण मध्य चुंबकाचा असेल तर ओढ जवळजवळ लागतच नाही. हे उत्तर मी कधीही सांगून टाकत नाही. तास संपला तर कोडं दुसऱ्या दिवसावर जातं.

चुंबक नसलेलं लोखंड मुळात ओढलं का जातं? चुंबकाला एक खिळा लटकवायचा, त्याच्या खाली दुसरा, जमला तर तिसरा. खालचे खिळे चुंबकाला टेकलेलेही नसतात. म्हणजे वरचा खिळा स्वतःच तात्पुरता चुंबक झालेला आहे. त्याचं चुंबकाजवळचं टोक विजातीय झालं, लांबचं सजातीय. जवळच्या टोकाला ओढ, लांबच्या टोकाला ढकल. मग दोन्ही फिटून शून्य का होत नाहीत? कारण जवळची ओढ लांबच्या ढकलीपेक्षा जास्त असते. क्षेत्र अंतराबरोबर क्षीण होतं, म्हणूनच खिळा चुंबकाकडे जातो. क्षेत्र सगळीकडे सारखंच असतं तर तो नुसता वळला असता, हलला नसता.

हे वाक्य मी फळ्यावर मोठं लिहिते, कारण त्याचा पडताळा चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने घेतलेला आहे. रॉबर्ट नॉर्मन हा लंडनमधला होकायंत्रं बनवणारा कारागीर, आधी समुद्रावर काम केलेला. चुंबकसूची उत्तरेकडे ‘ओढली’ जाते अशी तेव्हाची समजूत. नॉर्मनने सूची बुचाच्या तुकड्यात खोचली आणि बूच थोडं थोडं तासत असं नेमकं केलं की ती पाण्यात ना तरंगेल ना बुडेल, मध्येच राहील. ओढ असती तर ती कुठे तरी सरकली असती. ती सरकली नाही. जागच्या जागी फिरली, उत्तरेकडे तोंड केलं आणि टोक खाली झुकवून थांबली. १५८१ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केलं. लंडनमध्ये हा झुकाव त्याला सुमारे ७२ अंश मिळाला होता. पृथ्वी एवढी मोठी की सूचीच्या दोन टोकांमधल्या अंतरात तिच्या क्षेत्रात जाणवण्याजोगा फरकच पडत नाही. म्हणून सूची वळते आणि थांबते. बुचाचा हा प्रयोग वर्गात करायला चिकाटी लागते, पण नुसत्या तरंगत्या सूचीचा सोपा प्रकारही पुरतो. पातेलीभर पाण्यात ती सोडायची आणि उत्तरेच्या काठाला जाऊन लागते का ते बघायचं. जाऊन लागेल असं निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगतो, म्हणून आधी अंदाज लिहून घ्यायचा आणि मग पातेली पुढे ठेवायची.

आता क्षेत्र. यासाठी लागतं एक छोटं होकायंत्र, मोठा कागद, पेन्सिल आणि भरपूर वेळ. कागदाच्या मधोमध पट्टीचुंबक ठेवायचा, त्याची कड आखून घ्यायची. होकायंत्र एका टोकाजवळ ठेवून सूचीच्या दोन्ही अग्रांशी ठिपके द्यायचे. मग होकायंत्र असं सरकवायचं की सूचीचं मागचं अग्र पुढच्या ठिपक्यावर येईल. पुन्हा ठिपका. असं करत करत ठिपके चुंबकाला वळसा घालून दुसऱ्या टोकाशी येऊन पोचतात, किंवा कागदाबाहेर निघून जातात. ते जोडले की एक वक्र तयार होतो. मग दुसऱ्या जागेपासून सुरुवात.

हे काम कंटाळवाणं आहे आणि मी ते मुद्दाम करून घेते. लोखंडाचा कीस भुरभुरवला की एका क्षणात सुंदर नक्षी उमटते, मुलं ‘अहाहा’ म्हणतात आणि धडा तिथेच संपतो. ठिपके देत जाणाऱ्या मुलाला मात्र प्रत्येक ठिकाणी थांबून जागेला विचारावं लागतं: इथे दिशा कोणती? आणि जागा दर वेळी उत्तर देते. असं एकही ठिकाण सापडत नाही जिथे उत्तरच नाही. (एक अपवाद सापडतो, त्याकडे येते.) दोन-तीन वक्र झाले की मी विचारते, या दोन रेषांच्या मध्ये काय आहे? पहिलं उत्तर हमखास ‘काही नाही’ असं येतं. मग तिथे होकायंत्र ठेवून बघ म्हणायचं. तिथेही सूची ठामपणे एक दिशा दाखवते. त्या ठिकाणातूनही एक रेषा काढता येते, आणि तिच्या नि शेजारणीच्या मधूनही. रेषा किती, हे कागद आणि आपली चिकाटी ठरवते. निसर्गाने त्या आखून ठेवलेल्या नाहीत.

इथे मी नकाशावरच्या समोच्च रेषांची (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांची) आठवण करून देते. डोंगर चढताना त्या रेषा कुणाच्या पायाला अडखळत नाहीत. डोंगर सलग आहे, रेषा आपण काढल्या, आणि त्या जिथे दाटीने येतात तिथे चढ तीव्र. ठिपके जोडून काढलेल्या आपल्या वक्रांना बलरेषा म्हणतात. त्याही जिथे दाट, तिथे क्षेत्र प्रबळ.

मग कीस पेपरवर का रांगा धरतो, हा प्रश्न कुणी तरी विचारतंच, आणि नाही विचारला तर मी विचारते. कीसाचा प्रत्येक कण लटकत्या खिळ्यासारखा तात्पुरता चुंबक होतो. एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं डोकं लागतं, साखळ्या तयार होतात, आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना दूर ठेवतात. म्हणून मध्ये रिकाम्या पट्ट्या दिसतात. कागदाला टिचकी मारली की कण क्षणभर सुटे होऊन नीट बसतात. म्हणजे नक्षी ही क्षेत्राची आणि कणांच्या आपसातल्या व्यवहाराची, दोहोंची मिळून आहे. कीस दिशा खरीच दाखवतो, पण मधल्या पट्ट्या त्याने स्वतः तयार केलेल्या असतात. हे मुलांना समजतं. ते ‘मोठं झाल्यावर कळेल’ म्हणून बाजूला ठेवण्याचं काहीच कारण नाही.

रेषांबद्दल एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. बलरेषा ही कल्पना ज्याने विज्ञानाला दिली त्या मायकेल फॅरडेचा त्यांच्या खरेपणावर विश्वास होता. पुस्तकबांधणीच्या कामावर उमेदवारी केलेला हा माणूस गणिताची समीकरणं लिहीत नव्हता. तो रेषा लिहीत होता. चुंबकाचं बल मधली जागा ओलांडून एकदम पलीकडे उडी मारतं, हे त्याला पटेना. मधली जागा या व्यवहारात सहभागी आहे, तिथे काही तरी ताणलेलं आहे, असं तो म्हणत राहिला. त्याच्या काळातल्या गणितज्ञांना हे फारसं रुचलं नाही. फटीत फुंकर मारणाऱ्या मुलाचं कौतुक मी करते ते त्यासाठीच. त्याचा प्रश्न आणि फॅरडेचा प्रश्न एकच आहे.

आता तो अपवाद. चुंबकाचं उत्तर टोक उत्तरेकडे करून ठेवलं आणि पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूने होकायंत्र हळूहळू लांब नेत गेलं, तर एका जागी सूची गोंधळते. टिचकी मारली तर कुठल्याही दिशेला तोंड करून थांबते. तिथे चुंबकाचं क्षेत्र दक्षिणेकडे आणि पृथ्वीचं उत्तरेकडे, दोन्ही बरोबर सारखी. याला उदासीन बिंदू म्हणतात. चुंबक उलटा फिरवला की हे बिंदू पूर्व-पश्चिम सोडून चुंबकाच्या अक्षावर, उत्तर-दक्षिणेला जातात. मला संपूर्ण पाठातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग वाटतो. एक तर तोपर्यंत कागदावर फक्त चुंबकाचं क्षेत्र आहे असं मुलं धरून चाललेली असतात आणि पृथ्वी सगळा वेळ तिथे हजर होती हे त्यांना एकदम उमगतं. दुसरं म्हणजे दोन क्षेत्रं एकमेकांशी झगडत नाहीत, त्यांची दिशेसकट बेरीज होते, हे शब्दाविना दिसतं.

याच बेरजेवरून मापही काढता येतं. चुंबक पूर्व-पश्चिम दिशेत आडवा ठेवून होकायंत्राच्या पूर्वेकडून जवळ आणायचा. सूची उत्तर सोडून कलू लागते. बरोबर ४५ अंश कलली की त्या जागी चुंबकाचं क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या, म्हणजे जमिनीला समांतर, क्षेत्राइतकं झालं. आता अंतर दुप्पट करा. मुलं सांगतात, निम्मं होईल, साडेबावीस अंश. अभ्यासू मुलं सांगतात, गुरुत्वाकर्षणासारखं एक चतुर्थांश. सूची मात्र जेमतेम ७ अंशांवर येते, म्हणजे क्षेत्र एक अष्टमांश झालं. अंतर चुंबकाच्या लांबीपेक्षा बरंच मोठं ठेवलं तर हा आकडा चांगला जमतो. हा घनाचा नियम (अंतर दुप्पट, तर क्षेत्र २ × २ × २ म्हणजे आठ पटींनी कमी) का? कारण चुंबकाला दोन टोकं आहेत, आणि लांबून पाहिलं की त्यांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. उरतो तो थोडासा फरक. म्हणूनच चुंबकाची ताकद जवळ इतकी दांडगी आणि हातभर अंतरावर जवळपास नाहीशी होते. हल्ली फोनमधल्या चुंबकमापक संवेदकानेही हे मोजता येतं, आकडे सरळ मायक्रोटेस्ला या क्षेत्राच्या एककात मिळतात. तरी मला पहिल्यांदा सूचीच बरी वाटते. आकड्यापेक्षा कललेली सूची जास्त वेळ लक्षात राहते.

शिक्षकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कपाटात वर्षानुवर्षं पडलेले पट्टीचुंबक तासाला नेण्याआधी होकायंत्रावर तपासून घ्या. रंग उत्तरेचा असतो आणि टोक दक्षिणेचं झालेलं असतं, कारण कुणी तरी ते शक्तिशाली चुंबकाशेजारी ठेवलेले असतात. ठेवताना जोडी विरुद्ध टोकांनी लावून, टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी टाकून ठेवावी. आणि निओडिमियमचे छोटे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. १९८० च्या दशकात आलेले हे चुंबक इतके जोरदार आहेत की दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये चिमटून छिद्र पडू शकतं. हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

यानंतरच टोकं. करवतीचं जुनं पातं चुंबकाने एकाच दिशेने घासून चुंबकित करायचं आणि मधोमध मोडायचं. एका तुकड्याला उत्तर आणि दुसऱ्याला दक्षिण मिळेल असं वाटतं. मिळतात दोन पूर्ण चुंबक. परत मोडा, चार. पेत्रस पेरेग्रिनसने १२६९ मध्ये, एका वेढ्याच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रात, हे नोंदवून ठेवलं आहे. एकटा ध्रुव असू शकतो का, हा विचार पॉल डिरॅकने १९३१ मध्ये गणिताने मांडला. आजवर असा ध्रुव हाती लागलेला नाही. ठिपक्यांचे वक्र काढलेल्या मुलांना याचं फार आश्चर्य वाटत नाही. रेषा एका टोकातून निघून दुसऱ्यात शिरताना त्यांनी पाहिलेल्या असतात. त्या आतून पुढे जाऊन बंद होतात एवढं सांगितलं की टोक म्हणजे रेषा बाहेर पडण्याची जागा, हे त्यांचं त्यांनाच सुचतं. पातं कुठेही मोडलं तरी रेषा तिथून बाहेर पडणारच.

पण आत काय आहे? लोखंडात लहान लहान प्रदेश असतात, प्रत्येक प्रदेशात सगळे अणू एका दिशेला तोंड करून. साध्या खिळ्यात हे प्रदेश वाटेल तसे विखुरलेले, चुंबकात बरेचसे एका दिशेला. प्येर व्हाइसने १९०७ मध्ये ही कल्पना मांडली. १९१९ मध्ये हाइनरिश बार्कहाउझेनने लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळून ते ध्वनिवर्धकाला जोडलं, चुंबक सावकाश जवळ आणला, आणि कडकड असा आवाज ऐकू आला. चुंबक संथपणे येत होता, लोखंड मात्र झटक्याझटक्याने वळत होतं. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की ही शिस्त मोडते आणि चुंबकत्व जातं. आणि मुळात अणू एका दिशेला तोंड का करतात? इथे मी मुलांना स्पष्ट सांगते की याचं उत्तर १९२८ मध्ये वेर्नर हायझेनबर्गने दिलं, ते इलेक्ट्रॉनच्या स्पिन नावाच्या अंगभूत गुणधर्मावर आणि पुंजभौतिकीवर (अणूंच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्रावर) उभं आहे, आणि त्याआधीच्या सगळ्या भौतिकशास्त्राला खिशातल्या साध्या चुंबकाचा खुलासा करता येत नव्हता. आठवीतल्या मुलाला हे पूर्ण उमगणार नाही, पण आपला प्रश्न किती खोल होता हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

मग येते तार. १८२० मध्ये कोपनहेगनला हान्स क्रिश्चन ओरस्टेड व्याख्यान देत असताना विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळची सूची हलली. हा प्रसंग सगळे सांगतात. पण ती कशी हलली, हे सांगायचं राहून जातं. तोवर माहीत असलेली बलं दोन वस्तूंना जोडणाऱ्या रेषेतच ओढत किंवा ढकलत. सूची ना तारेकडे गेली ना तारेपासून दूर. ती तारेला आडवी झाली. वर्गात तार उत्तर-दक्षिण धरून होकायंत्राच्या वरून न्यायची, सेलला क्षणभर टेकवायची (जास्त वेळ नाही, तार चांगलीच तापते) आणि मग तीच तार होकायंत्राच्या खालून न्यायची. सूची उलट बाजूला जाते. वर एका बाजूला, खाली दुसऱ्या, तर मग तारेच्या कडेला काय असेल? पुठ्ठ्यातून उभी तार ओवून, भोवती चार होकायंत्रं मांडून धारा सोडली की चारही सूच्या एकापाठोपाठ एक फेर धरतात. २ अँपिअर धारेच्या लांब सरळ तारेपासून १ सेंटिमीटरवर क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला भरतं. पृथ्वीचं क्षेत्र ठिकाणानुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला, म्हणजे बरोबरीचा सामना. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (अंगठा धारेच्या दिशेला धरला की तारेभोवती वळलेली बोटं क्षेत्राची दिशा दाखवतात) मी यानंतर सांगते, आणि तोही आठवण ठेवण्याची युक्ती म्हणून. १८२० च्याच सप्टेंबरात पॅरिसमध्ये आंद्रे-मारी अँपिअरने दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात आणि ढकलतात हे दाखवलं. त्यात लोखंडाचा कणही नव्हता.

पृथ्वीवर मी फार वेळ घालवत नाही. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये चुंबकी दगडाचा गोळा करून, त्यावर छोटी सूची फिरवून दाखवलं. पण पुस्तकातल्या पृथ्वीच्या पोटात काढलेला तो तिरपा पट्टीचुंबक मी मुलांना खोडायला लावते. पृथ्वीचा गाभा ७७० अंशांच्या कितीतरी वर तापलेला आहे, तिथे पट्टीचुंबक टिकणारच नाही. बाहेरच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून विद्युतधारा वाहतात आणि त्यांतून हे क्षेत्र निर्माण होतं. ते हलतं, बदलतं, आणि सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी शेवटचं पूर्ण उलटलं, हे खडकांत नोंदलेलं आहे.

शेवटचा तास मोठ्या वर्गांसाठी. त्यांना मी विचारते: चंद्रावर कल्पनेतली अतिशय तरल सूची आहे. इथे विद्युतचुंबक चालू होता, तो आत्ता बंद केला. तिला कधी कळेल? ‘लगेच’ असं उत्तर आलं, तर मधल्या जागेला काही काम उरत नाही. क्षेत्र ही केवळ हिशेबाची सोय ठरते. पण तिला कळतं सुमारे १.३ सेकंदांनी, म्हणजे प्रकाशाला तिथे पोचायला लागतो तेवढ्या वेळाने. तेवढा वेळ इथे चुंबकत्व नाही, तिथे सूचीला त्याची खबर नाही, आणि निघालेला बदल मधल्या जागेत आहे.

फॅरडेने १८३१ मध्ये वेटोळ्यात चुंबक सरकवला तेव्हा गॅल्व्हनोमीटरचा (सूक्ष्म विद्युतधारा दाखवणाऱ्या उपकरणाचा) काटा चुंबक हलत असेपर्यंतच हलला: बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र निर्माण करतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याच्या रेषांना गणित दिलं आणि उलटही जोडलं, की बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं. एक दुसऱ्याला जन्म देत पुढे सरकतं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने टेबलावरच्या विद्युत मोजमापांवरून या सरकण्याचा वेग काढला, तो सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर आला, आणि प्रकाशाचा तेव्हा मोजलेला वेगही जवळपास तेवढाच होता. म्हणजे प्रकाश हीच अशी पुढे सरकणारी लाट. हाइनरिश हेर्ट्झने १८८८ पर्यंत अशा लाटा प्रयोगशाळेत तयार करून त्यांची लांबी मोजली.

इथे एका मुलीने विचारलं होतं, बाई, उजेडात जर चुंबकीय क्षेत्र असतं, तर उन्हात ठेवलेली सूची हलत का नाही? मी तिला फळ्याकडे बोलावलं आणि आम्ही हिशेब मांडला. भर उन्हातल्या प्रकाशाचं चुंबकीय क्षेत्र सुमारे २ मायक्रोटेस्ला भरतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण विसावा भाग. अगदीच नगण्य नाही. स्थिर असतं तर सूची दोन-तीन अंश कलली असती. पण दृश्य प्रकाशातलं क्षेत्र सेकंदाला चार ते साडेसात कोटी गुणिले कोटी वेळा हेलकावतं. सूचीने एका बाजूला वळायला सुरुवात करण्याआधीच तिला उलट बाजूला वळायला सांगितलेलं असतं. ‘मग सूचीहून हलकं काही तरी ठेवलं तर?’ तिने विचारलं. ‘इलेक्ट्रॉन,’ मी म्हटलं, ‘तो हलतो. पण त्याला मुख्यतः हलवतं ते प्रकाशातलं दुसरं क्षेत्र, विद्युत क्षेत्र.’ आणि आम्ही तो हिशेब मांडायला घेतला.